पित्ताशय गेले, नळी राहिली

बकरी ईदच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या फुफींना हुडहुडी भरली. बाहेर पाऊस नुकता सुरू झालेला, अंगावर दोन गोधड्या, तरी दात वाजत होते. घाम येऊन ताप उतरला की बरे वाटे आणि दोन तासांनी पुन्हा तेच. घरातल्या प्रत्येकाने आपापले निदान करून टाकले. सुनेला वाटले मलेरिया. थोरल्या मुलाला वाटले, तीन दिवस कुर्बानीचे मटण खाल्ले, पित्त झाले असणार. फुफी स्वतःच म्हणाल्या, "अरे, पित्ताची पिशवीच काढून टाकलीय. आता पित्त येणार कुठून?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या उजेडात वेणी घालून घेताना नात म्हणाली, "दादी, तुमचे डोळे हळदीसारखे का दिसतात?"

मग फोन आमच्याकडे आला.

वाचकांना माहीतच आहे, हे सदर आम्ही दोघे मिळून लिहितो. एकाचे आयुष्य औषधांच्या खिडकीमागे गेले, दुसरीचे सरकारी वॉर्डात सिस्टर म्हणून. डॉक्टर आम्ही नाही, पण थंडी वाजून ताप, पिवळे डोळे आणि उजव्या बरगडीखाली दुखणे, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की घरात बसायचे नाही एवढे आम्हांला कळते. पित्तनलिकेत जंतू झाल्याची ही खूण आहे आणि त्यात काही तासांत रक्तदाब खाली जाऊ शकतो. "गाडी काढा," एवढेच आम्ही सांगितले.

इस्पितळात तरुण डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करता करता विचारले, "मागच्या वर्षी आत नळी टाकली होती, ती काढली ना?" फुफींचा मुलगा म्हणाला, "कसली नळी?"

ती फाईल आमच्या कपाटात होती. ऑपरेशन आमच्या शहरात झाले, नंतर आठ दिवस फुफी आमच्याकडे राहिल्या, जाताना कपडे गेले आणि फाईल राहिली. डिस्चार्ज कार्डाच्या दुसऱ्या पानावर, औषधांच्या यादीच्या खाली, इंग्रजीत एक ओळ होती. बारा आठवड्यांनी स्टेंट काढण्यासाठी यावे. त्या दिवशी सोळा महिने झाले होते.

दुसऱ्यांच्या घरातल्या चुका या पानावर आम्ही कैकदा लिहिल्या. ही आमची आहे, म्हणून तीही लिहायची.

आधी ही पिशवी आणि नळी काय भानगड आहे ते सांगू. गोंधळाची सुरुवात आपल्या भाषेतच आहे. मराठीत छातीत जळजळले, आंबट ढेकर आला की आपण 'पित्त झाले' म्हणतो. ते बहुतेक वेळा जठरातले आम्ल असते. जुन्या हकिमांचा 'सफरा' म्हणजे खरे पित्त, ते हिरवट-पिवळे, कडू आणि ते यकृतात तयार होते. दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही यकृताखाली लटकलेली छोटी पेरूएवढी पिशवी. ती पित्त बनवत नाही, साठवते आणि घट्ट करते. तुपकट, मांसाहारी जेवण पोटात गेले की ती आवळते आणि पित्त नळीवाटे लहान आतड्यात सोडते. पिशवी काढली तरी यकृताचे काम चालूच राहते, पित्त थेंबथेंब थेट आतड्यात उतरते. म्हणजे फुफींचा विनोद चुकीचा होता. पिशवी गेली, पण पित्त होतेच आणि ते वाहून नेणारी मुख्य नळीही होती. ही नळी पेन्सिलीपेक्षाही बारीक, साधारण सहा मिलिमीटर रुंद. तिच्या शेवटच्या टोकाला स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते आणि दोघींचे तोंड आतड्यात एकाच ठिकाणी उघडते. पुढे जे सांगणार आहोत त्यातले निम्मे या एकाच शेजारामुळे घडते.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली केली. पुढची शंभर वर्षे पोटावर हातभर चीर घेऊनच हे काम चाले. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्युहे यांनी दुर्बिणीतून ते करून दाखवले, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना नावे ठेवली. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. आज ती तालुक्याच्या गावीही होते, चार छोटी भोके पडतात आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतो. बहुतेकांचे काही बिघडत नाही. हे ठळकपणे सांगतो, कारण हा लेख वाचून कोणी ठरलेली शस्त्रक्रिया टाळू नये. खडा नळीत उतरून अडकला, तर त्यातून होणारी स्वादुपिंडाची सूज कोणत्याही ऑपरेशनपेक्षा वाईट.

पण क्वचित बिघडते, आणि बिघडते तेव्हा ओळखायला उशीर होतो.

ऑपरेशननंतरचे दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. पोटात भरलेल्या वायूमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो, त्याने घाबरू नये. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे वाढू लागले, पोट फुगले, जेवणावरची वासना गेली, बारीक ताप आला, तर पित्त गळत असण्याची शक्यता असते. पिशवीच्या देठाला लावलेली चिमटी निसटते, किंवा यकृताच्या बाजूने येणारी एखादी केसासारखी नळी उघडी राहते. ड्रेनच्या नळीतून हिरवे पाणी दिसले तर शंकाच नको. वेळेत कळले तर उपाय सोपा आहे. साठलेले पित्त बाहेर काढायचे आणि तोंडावाटे दुर्बीण घालून मुख्य नळीत स्टेंट ठेवायचा, म्हणजे पित्त सरळ आतड्यात जाते आणि गळती आपोआप बंद होते. मात्र आमच्या घरांत बाई चौथ्या दिवशी उठून चहा करत असते आणि 'थोडं दुखतंयच' हे ती कोणाला सांगत नाही. वॉर्डात अशा बाया आमच्यातल्या एकीने किती तरी पाहिल्या. पोट टणक झाल्यावर आठव्या दिवशी आलेल्या.

याहून वाईट म्हणजे मुख्य नळीलाच इजा. सूज फार असेल तर पिशवीचा देठ कोणता आणि मुख्य नळी कोणती हे ओळखताना चांगल्या हातांकडूनही चूक होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे हजारात साधारण दोन ते पाच जणांच्या बाबतीत घडते. त्यामुळे एखादा सर्जन आत अडचण दिसली म्हणून दुर्बीण सोडून पोट उघडतो, किंवा पिशवीचा थोडा भाग मागे ठेवतो, तेव्हा 'यांना जमलं नाही' असे म्हणू नये. त्यांनी शहाणपणा केलेला असतो.

या इजेची सर्वांत गाजलेली हकिकत आमच्या वडीलधाऱ्यांना वेगळ्याच कारणाने आठवत असेल. १९५६ साली जमाल अब्दुल नासिर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते अँथनी ईडन. १९५३ च्या एप्रिलमध्ये, परराष्ट्रमंत्री असताना, लंडनमध्ये त्यांचे पित्ताशय काढले आणि त्यात पित्तनलिकेला इजा झाली. त्याच महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये ते अमेरिकेत बोस्टनला गेले आणि तिथे डॉ. रिचर्ड कॅटल यांनी नळी आतड्याला जोडून दिली. ईडन पंतप्रधान झाले, पण अधूनमधून थंडी वाजून ताप येणे राहिलेच. ऑक्टोबर १९५६ मध्ये, सुएझचा पेच ऐन भरात असताना, त्यांचा ताप १०५ अंशांच्या वर गेला होता. काही आठवड्यांतच इजिप्तवर हल्ला झाला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला आणि त्याच वर्षी बोस्टनला पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या निर्णयांत आजाराचा वाटा किती होता यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तो वाद आपला नाही. एवढे पाहा, की ज्या माणसाला हवा तो डॉक्टर मिळू शकत होता, त्यालाही एका बारीक नळीने चार वर्षे सुखाने झोपू दिले नाही. आणि हेही पाहा, की दुरुस्ती झाल्यावर ते १९७७ पर्यंत जगले. नळीची दुरुस्ती होते. ती ज्यांनी रोज केली आहे अशा मोठ्या केंद्रातच करून घ्यावी.

काही त्रास महिन्यांनी, वर्षांनी येतात आणि तेव्हा ऑपरेशनची आठवणही नसते. पिशवी काढताना ती फुटून एखादा खडा पोटात सांडतो. हे तसे पुष्कळदा होते आणि सर्जन सापडतील तेवढे खडे वेचून घेतात. राहिलेला खडा बहुतेक वेळा गप्प बसतो. क्वचित त्याच्याभोवती पू धरतो आणि यकृताखाली, कमरेत किंवा जुन्या व्रणाजवळ गळू येते. खडा वरच्या पडद्यातून फुफ्फुसात शिरून खोकल्यातून बाहेर पडल्याच्याही नोंदी वैद्यकात आहेत! देठाला लावलेली धातूची चिमटी सरकत मुख्य नळीत येते आणि तिच्यावर नवा खडा जमतो, असेही होते. आणि आपल्या देशात एक गोष्ट विशेष दिसते. टाके सुकल्यावर तीन-चार आठवड्यांनी भोकाच्या जागी गाठ येते, तिथून पाणी वाहते, साध्या अँटिबायोटिकने थांबत नाही. हत्यारांचे निर्जंतुकीकरण नीट न झाल्याने क्षयाच्या जंतूंचे चुलत भाऊ तिथे शिरलेले असतात. त्याला वेगळी औषधे महिनोन्महिने घ्यावी लागतात. अशी वाहणारी जखम घेऊन झाडपाल्याच्या मलमावर वर्ष काढलेले लोक आम्हांला माहीत आहेत.

रक्तस्रावाचेही एक रूप आहे. शेजारच्या धमनीला लागलेला ओरखडा काही आठवड्यांनी फुग्यासारखा फुगतो आणि पित्तनलिकेत रक्त गळू लागते. पोटदुखी, कावीळ आणि डांबरासारखी काळी शी, असे तिन्ही मिळून येते. मूळव्याध म्हणून ते सोडून देऊ नये. रक्तवाहिनीतून तार नेऊन ती गळती बंद करता येते, मात्र माणूस वेळेत पोचला पाहिजे.

आता ईआरसीपी. पिशवीतले खडे नळीत उतरले असतील तर आधी तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, नळीचे तोंड थोडे कापून मोठे करतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडे ओढून काढतात. फुफींचे असेच झाले होते. पोटावर चीर नाही, म्हणून लोक याला 'साधी एंडोस्कोपी' समजतात. ती साधी नाही. मघाशी सांगितलेला तो शेजार, स्वादुपिंडाची नळी, या कामात दुखावते आणि शंभरातल्या तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची दोन-चार दिवस सलाईनवर उतरते, थोड्यांची गंभीर होते. ही शक्यता कमी करण्यासाठी प्रक्रियेच्या वेळी गुदमार्गात वेदनाशामक गोळी ठेवतात. त्याला कोणी लाजून नकार देऊ नये, तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. कापलेल्या जागेतून रक्त येणे किंवा आतड्याला भोक पडणे हे त्याहून विरळ. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगावी आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नये. घरी आल्यावर त्याच रात्री बेंबीच्या वर पाठीपर्यंत जाणारी कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये.

आणि शेवटी ती नळी. सूज उतरेपर्यंत पित्ताची वाट मोकळी राहावी म्हणून प्लास्टिकचा बोटभर स्टेंट ठेवतात. तो तात्पुरता असतो. काही आठवड्यांत त्याच्या आत जंतूंचा चिकट थर बसू लागतो, गाळ साचतो आणि साधारण तीन महिन्यांत तो तुंबण्याच्या बेतात येतो. म्हणून तोपर्यंत काढायचा किंवा बदलायचा. तसाच राहिला तर बंद पडतो, जागचा सरकतो, क्वचित आतड्याला टोचून भोक पाडतो. फार दिवस राहिला तर किटलीच्या तोटीला क्षार चढावा तसा त्याच्यावर खडा चढतो. फुफींचे तेच झाले होते. रोज रात्री कुलूप लावणारे, गॅसची वही सांभाळणारे आमचे घर, आणि एवढी गोष्ट सुटली.

कशी सुटली ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. ऑपरेशन शाबानमध्ये झाले. फुफींना एकच काळजी होती, रोजे ठेवता येतील का. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, त्यांनी सगळे रोजे ठेवले, इफ्तारला भजी टाळली आणि तब्येत छान राहिली. मग ईद. मग शव्वालमध्ये भाच्याचे लग्न. बारा आठवडे नेमके त्याच धामधुमीत भरले. इस्पितळातून फोन आला नाही. नंतर कळले, कार्डावर लिहिलेला नंबर मुलाच्या बंद पडलेल्या सिमचा होता. इस्पितळाने निघताना 'आत एक वस्तू ठेवली आहे' हे फुफींना त्यांच्या भाषेत सांगितले नाही, अशी आमची तक्रार आहे आणि ती आम्ही तिथे जाऊन केलीही. पण आम्हा दोघांना सांगितले होते. आम्ही मान डोलावली होती. पुढे मधल्या काही महिन्यांत फुफींना अंगाला खाज सुटायची, तीही त्यांनी उष्णता म्हणून सब्जाचे पाणी पिऊन काढली आणि आम्ही फोनवर 'हो, प्या' म्हणालो. नळी तुंबून पित्त रक्तात चढू लागले की खाज येते, हे आमच्यातल्या एकीने वॉर्डात शिकाऊ मुलींना शिकवलेले आहे.

त्या रात्री त्यांचा रक्तदाब ८० वर आला. अँटिबायोटिक, सलाईन, तीन दिवस आयसीयू. जुना स्टेंट ओढला तर हलेना, म्हणून त्याच्या शेजारून नवा घालून आधी पू मोकळा केला. दहा-बारा दिवसांनी नळीचे तोंड फुग्याने रुंद करून खडा जाळीत धरून फोडला, तेव्हा कुठे जुना निघाला. बाहेर काढलेला तुकडा काळपट, खडबडीत, चिंचेच्या आकड्यासारखा. फुफींनी तो बघायला मागितला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "एवढं घेऊन मी तरावीह पढत होते?" आम्हांला उत्तर सुचले नाही. मुलगा कोपऱ्यात उभा राहून रडला.

त्यानंतर आम्ही काय बदलले, तेही सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. घरातल्या ज्याच्या अंगात काही ठेवले असेल, मग ते स्टेंट असो, मूत्रमार्गातली नळी असो की हाडातली पट्टी, ते काढायचे आहे का आणि कधी, हे त्याच माणसाला त्याच्या बोलीत सांगायला डॉक्टरांना भाग पाडतो आणि आमच्यासमोर परत त्याच्याकडून वदवून घेतो. फाईल रुग्णाबरोबर जाते. पुष्कळ इस्पितळांत स्टेंटची नोंदवही असते, तिच्यात चालू असलेले दोन नंबर लिहून येतो. काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवालही मागून घेतो. क्वचित एखाद्या पिशवीत कर्करोगाची सुरुवात सापडते आणि तो कागद न नेता लोक घरी गेलेले असतात. उमरा किंवा हजला जाणारे कोणी स्टेंट घेऊन असेल, तर काढायची तारीख सफराच्या आधी येते की मधे, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. रोज्याबद्दलही तसेच, आधी डॉक्टर, मग आलिम. आजाऱ्याला सूट दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

डोळे मात्र दिवसाच्या उजेडात पाहावेत. ट्यूबलाइटखाली कावीळ कळत नाही, आणि चेहरा झाकणाऱ्या बाईचे डोळे घरातल्यांखेरीज पाहणार तरी कोण? लघवी काळ्या चहासारखी आणि शी मातकट पांढरी होऊ लागली, तर हे बायका मुलांना सांगत नाहीत. सुनेला, मुलीला, नातीला सांगाव्यात.

फुफींच्या आत उरलेला नवा स्टेंट काढायची तारीख सफर महिन्यात होती. मशिदीतून मिळालेले सेहरी-इफ्तारचे जुने वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून होते. त्याच्या कोऱ्या बाजूवर नातीने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'दादीची नळी', खाली तारीख. दूधवाला, शेजारी, पोस्टमन, जो येईल तो ते वाचून फुफींना आठवण करून द्यायचा. तारखेच्या दोन दिवस आधी त्यांनी आम्हांला स्वतः फोन केला. "तुम्ही विसराल म्हणून मीच सांगते," म्हणाल्या. आदल्या रात्री आम्ही जाऊन त्यांच्याच घरी मुक्काम केला.